चौथीचा वर्ग इतक्या मोठ्याने का बोलतो

गवतावर पडलेला हिरव्या लोकरीचा तुकडा नाहीसा होत नाही. तो तिथेच असतो. ऊन त्याच्यावरही तितकंच पडलेलं असतं आणि वाकून पाहिलं तर त्याचा पीळही दिसतो. फक्त नजर त्याच्यावरून घसरते. शेजारी पडलेला लाल तुकडा तिला आधीच ओढून घेतो, आणि तो उचलून होईपर्यंत पिवळा बोलावतो. हिरव्याची पाळी यायच्या आत शिट्टी वाजते.

चौथीच्या बाई मैदानाच्या कडेला, कुंपणाच्या भिंतीला उजवा खांदा टेकून उभ्या होत्या. त्यांनी शिट्टी वाजवली.

"थांबा! चोची वर!"

चोची म्हणजे कपडे वाळत घालायचे चिमटे. मुलं म्हणजे पक्षी. लोकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे म्हणजे किडे. बाईंनी ते चार रंगांत, सारखेच कापून आणले होते. शिट्टी ते शिट्टी टिपायचं, मग खाल्लेले किडे रंगाप्रमाणे वेगळे करायचे. गवतात किती उरले ते शोधत बसायचं नाही, वजाबाकी करायची. उरलेल्या प्रत्येक किड्याला त्याच्याच रंगाचं एक पिल्लू द्यायचं आणि पुन्हा शिट्टी.

"बाई, मला चारच मिळाले! ह्याने माझ्या तोंडचा घास पळवला!"

"तोंडचा नाही, चोचीतला," वकील म्हणाला. कुठल्याही वाक्यात खोट काढायची त्याला पहिलीपासून सवय होती, म्हणून हे नाव.

दोन-तीन पिढ्या गेल्यावर वजाबाकीत लाल संपले, पिवळे संपत आले, तपकिरी थोडे राहिले आणि हिरव्यांचा सुकाळ झाला.

"आता सांगा, हिरवेच जास्त कसे झाले?"

"ते हुशार आहेत, बाई! लपून बसतात!" हा भोंगा. त्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या दुकानदारालाही ओळखू यायचा.

"लोकर लपून बसते?" वकील म्हणाला.

"मग ताकदवान असतील. माझे काका म्हणतात, जो ताकदवान तोच टिकतो."

"काकांना सांग, एकदा लोकरीशी कुस्ती खेळून बघा म्हणावं," बाई म्हणाल्या. मुलं हसली. भोंगाही हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. "बरं, मग हिरवे ठेवायचे असं कुणी ठरवलं?"

बाईंच्या उजव्या हाताला, भिंतीच्या टोकाशी मुंगी उभी होती. मुंगी म्हणजे अक्षर इतकं बारीक काढणारी मुलगी की तिची वही तपासताना बाईंना चष्मा पुसावा लागे. ती काहीतरी म्हणाली. बाईंना तिचे ओठ हललेले दिसले. त्यांनी तिच्याकडे बघून हसून मान डोलवली, आणि मग नजर पुन्हा सगळ्यांवरून फिरवली.

"कुणीच नाही, बाई!" भोंगा ओरडला. "आम्हाला हिरवे ठेवायचेच नव्हते! दिसले असते तर तेही खाल्ले असते!"

"शाबास! अगदी बरोबर. हेच आजच्या दिवसभरातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य आहे."

मुंगीने चिमट्याचं तोंड उघडलं, मिटलं. तिच्या शेजारच्या मुलीने भोंग्याकडे असं पाहिलं की जणू त्याने तिच्या डब्यात हात घातला होता. बाईंच्या ते लक्षात आलं. त्याचा अर्थ लक्षात आला नाही.

मग त्यांनी तोच खेळ मैदानाच्या उघड्या मातीवर घेतला. तिथे हिरव्यांचे हाल झाले आणि तपकिरी माजले. वकिलाने जाहीर केलं की हिरवा चांगला आणि लाल वाईट असं काहीच नाही, सगळं आपण कुठे पडलोय त्याच्यावर आहे. वर्गाकडे परतताना कुणीतरी विचारलं, माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी काय आहेत?

"तुला आत्या आहे?"

"आहे की."

"तिची मुलगी आणि तू, दोघं एकाच आजीची नातवंडं. मग तू झालास म्हणून ती नाहीशी झाली का?"

"नाही, बाई. उलट सुट्टीत आमच्याकडेच येऊन राहते."

"माकडं ही आपली तशी भावंडं. आपली आणि त्यांची एक आजी होती, फार फार मागची. ती ना माकड होती, ना माणूस."

हे सांगताना बाई जिन्याच्या उजव्या कडेने, भिंतीला धरून चढत होत्या. गेली दोन वर्षं त्या कायम भिंत उजवीकडे येईल अशाच चालत. भिंत बोलत नाही, त्यामुळे तिचं न ऐकल्याचा दोष येत नाही.

डॉक्टरांनी त्यांना चित्र काढून दाखवलं होतं. कानाच्या पडद्यामागे तीन इवलीशी हाडं असतात. त्यातलं शेवटचं, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. ते हललं तर आवाज आत पोचतो. बाईंच्या उजव्या कानातलं ते हाड हळूहळू जखडत चाललं होतं. डावाही उद्या-परवा त्याच वाटेने जाईल, कदाचित जाणारही नाही. यंत्र लावलं तर उत्तम ऐकू येईल, डॉक्टर म्हणाले होते, आणि बाईंच्या मनात भलतंच आलं होतं: हे हाड माशांमध्ये जबड्याला आधार द्यायचं. कोट्यवधी वर्षांत सरकत सरकत ते कानात आलं, आणि आता माझ्या कानात येऊन बसलं ते बसलंच.

यंत्राचा नमुना त्यांनी घालून पाहिला होता. दवाखान्याच्या बाहेरच्या पंख्याची कुरकुर ऐकून त्या दचकल्या होत्या. "विचार करून सांगते," म्हणून निघाल्या, आणि ते घोंगडं भिजत पडलं.

त्याचं कारण वाचनालयात बसलेलं होतं. चित्रकलेच्या सरांचे हात थरथरायला लागले तेव्हा शाळेने त्यांना मोठ्या सन्मानाने वाचनालयात बसवलं. निरोपसमारंभ झाला नाही, कारण निरोप नव्हताच. सर शाळेतच होते, फक्त वर्गात नव्हते. कुणीही त्यांना वाईट बोललं नाही. उलट जो तो जाता-येता म्हणायचा, "सर, आता कसं, निवांत!" सर हसायचे आणि पुस्तकांच्या पाठींवर नवे आकडे चिकटवायचे. चौथीच्या बाईंना निवांतपणाची तेवढी भीती वाटायची. वर्ग गेला तर आपल्यापाशी उरेल काय, हा प्रश्न त्या मनातसुद्धा पूर्ण होऊ देत नसत.

जिन्याच्या वर पाचवीच्या बाई भेटल्या. त्यांचा वर्ग शेजारी होता.

"अहो, तुमच्याकडे काय बाजार भरतो का रोज? मी इकडे व्याकरण शिकवते आणि माझी मुलं तुमच्या वर्गातली उत्तरं देतात."

"उत्साही आहेत हो यंदाची मुलं."

"उत्साही? जूनमध्ये गाई होत्या गाई! आता बघा."

चौथीच्या बाई हसल्या. पाचवीच्या बाई त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू आला.

संध्याकाळी ताई आली. ताई, म्हणजे बाईंची मोठी बहीण, शिवणकामाचे वर्ग चालवायची आणि दोन्ही कानांत यंत्रं घालायची. तिने चपला काढल्या न काढल्या तोच सुरुवात केली.

"काय, ठरलं का कानातल्याचं?"

"ताई, आल्या आल्या?"

"मग काय जाता जाता विचारू? तेव्हा मी तुझ्या उजवीकडे असले तर?" ती खुर्ची ओढून बहिणीच्या डाव्या बाजूला बसली. "आपल्या आईने दागिने म्हणून काय ठेवलं आपल्याला? हे कानातले. मी घालून मोकळी झाले. तू आपली पेटीत ठेवून पूजा कर."

"तुझं वेगळं आहे. तुझ्याकडे येणाऱ्या बायकांना कापड बेतायला शिकायचं असतं, तुझ्या कानांशी काय करायचंय त्यांना? माझ्याकडे चाळीस पोरं आहेत. आणि शाळा."

"पोरांना काय कळतं गं?"

"काही कळत नाही. म्हणून तर बरं चाललंय."

स्वयंपाकघरातून बाईंचा नवरा चहा घेऊन आला आणि बोलता बोलता वळसा घालून बायकोच्या डावीकडून कप ठेवला. फिरायला जातानाही तो दोन वर्षांपूर्वी एक दिवस न सांगताच बाजू बदलून चालू लागला होता. त्याविषयी दोघं कधी बोलले नव्हते.

ताईने हे पाहिलं. "ह्यांना कळतं, मला कळतं, आणि चाळीस पोरांना कळत नाही म्हणे. अगं, दिवसभर ती करतात काय? तुझ्या तोंडाकडेच बघत असतात ना?"

"मी सांगणार आहे, ताई. वर्ष संपलं की."

"कुठलं वर्ष ते पण सांग. मागच्या वर्षीही हेच म्हणालीस."

बाईंनी चहात साखर नसताना चमचा फिरवला. ताईने जास्त ताणलं नाही. जाताना फक्त बहिणीच्या उजव्या कानाशी वाकून काहीतरी बोलली आणि सरळ झाली.

"काय म्हणालीस?"

"कळेल तेव्हा कळेल," ताई म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाला काम दिलं. चार-पाच जणांनी मिळून शाळेतच अशी एखादी जागा शोधायची, जिथे कुणी न ठरवता निवड होते. आधी अंदाज बांधायचा, मग पाहायचं. अंदाज चुकला तर तोही सांगायचा, कारण चुकलेला अंदाज ही सुद्धा कमाईच असते.

"आणि दोन-तीन कारणं सुचली तर?" वकिलाने विचारलं.

"तर एकेक खोडून बघायचं. जे खोडता येत नाही ते ठेवायचं, तेही तात्पुरतं."

एका गटाने वाचनालय घेतलं. एकाने घसरगुंडी. खिडकीकडच्या, बाईंच्या उजव्या हाताच्या रांगेतली तीन मुलं मात्र टेबलापाशी आली. मुंगी, वकील, मुंगीची ती शेजारीण, आणि सगळ्यांच्या मागे दाराकडच्या रांगेतला भोंगा.

"बाई, आम्हाला वर्गातच बघायचंय," वकील म्हणाला.

"काय बघायचंय?"

"ते आत्ता नाही सांगता येणार. सांगितलं तर जे बघायचं तेच बदलेल."

बाईंना मनापासून आनंद झाला. पाहतोय हे कळलं की पाहिली जाणारी गोष्ट बदलते, हे त्यांनी चिमण्यांविषयी बोलताना कधीतरी सांगितलं होतं. ते कुणी असं जपून ठेवलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बघा तर मग. आणखी काही हवंय?"

"दोन बरण्या. आणि पुढच्या आठवड्यात काही जणांच्या जागा बदलायला परवानगी."

"दिली."

त्यानंतर खिडकीच्या कट्ट्यावर दोन बरण्या दिसू लागल्या. मधूनच कुणीतरी हळूच उठून एखादीत मणी टाकायचं. कधी पांढरा, कधी काळा. बाईंनी ओळखायचा प्रयत्न केला नाही. प्रयोग दुसऱ्याचा असेल तर त्यात नाक खुपसायचं नाही, हा त्यांचा जुना नियम होता. आठवडा पालटल्यावर भोंगा मुंगीच्या जागी खिडकीशी जाऊन बसला आणि मुंगी दाराकडच्या रांगेत आली. बाईंना त्या आठवड्यात मुंगी अचानक धीट झाल्यासारखी वाटली. एकदा तिने असा प्रश्न विचारला की बाईंनी खडू खाली ठेवला: हिरव्या किड्यांना आपण हिरवे आहोत हे माहीत असतं का?

"तू हे आधी कधी विचारलं नाहीस, मुंगी."

मुंगीने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने बरणीकडे.

सादरीकरणाच्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः येऊन बसल्या. कुणा पालकाने त्यांना विचारलं होतं, एवढ्याशा मुलांना उत्क्रांती कशाला? "मला त्यांना उत्तर द्यायचंय," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण आधी मला कळायला नको का? मी आपली इतिहासवाली." त्या मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसल्या आणि शेजारच्या मुलाने त्यांना अर्धी जागा करून दिली.

वाचनालयवाले आधी आले. त्यांचा अंदाज होता की पातळ पुस्तकं जास्त नेली जातात. तो साफ चुकला. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं झिजली होती, मग ती जाडी असोत की पातळ. वरच्या फळीवरची कोरी होती. "कारण तिथे आमचा हात पोचत नाही," गटातली मुलगी म्हणाली. "म्हणजे पुस्तकं चांगली-वाईट नाहीत. आम्ही बुटके आहोत." मोठ्या बाई पोटभर हसल्या. घसरगुंडीवाल्यांनी कुठल्या चड्ड्या लवकर फाटतात याचं संशोधन केलं होतं आणि पुरावा म्हणून एक चड्डी आणली होती.

मग मुंगीच्या गटातले चौघं आले. बरण्या टेबलावर ठेवल्या गेल्या.

"आमचा प्रश्न होता," वकील म्हणाला, "की वर्गात कुणाची उत्तरं टिकतात. मूल बोललं आणि बाईंनी उत्तर घेतलं तर पांढरा मणी. बोललं आणि उत्तर वरून निघून गेलं तर काळा. ही बरणी दाराकडच्या मुलांची, ही खिडकीकडच्यांची."

दाराकडची बरणी जवळजवळ पांढरी होती. खिडकीकडच्या बरणीत तळापासून गळ्यापर्यंत काळे मणी होते, अधेमधे एखादा पांढरा.

बाईंनी टेबलाची कड धरली.

"पहिला अंदाज होता की बाईंचे काही लाडके आहेत," शेजारीण म्हणाली. ती हे सरळ बाईंकडे बघून म्हणाली, कारण प्रयोगात लाजायचं नसतं. "आम्हाला तसं खूप दिवस वाटायचं. मुंगी तर घरी जाऊन रडली होती."

"ते सांगायचं नव्हतं!" मुंगी म्हणाली. यावेळी ती बाईंच्या डावीकडे होती.

"बरं, ते खोडते. पण जागा बदलल्या तेव्हा मुंगीला रोज पांढरे मणी मिळायला लागले. लाडकं असणं जागेवर थोडंच असतं? म्हणून तो अंदाज खोटा ठरला." तिच्या आवाजात सुटकेचा स्पष्ट आनंद होता. "बाईंना आम्ही नावडते नव्हतो."

"मग आम्हाला वाटलं, खिडकीची जागाच अशी आहे," वकील म्हणाला. "पण भोंगा तिथे बसला तरी त्याचे मणी पांढरेच राहिले."

"कारण मी भोंगा आहे!" भोंगा म्हणाला, आणि वर्ग हसला.

"म्हणजे तिकडून बोलायचं असेल तर मोठ्याने बोललं तरच टिकतं. हळू बोललं तर कुणी ठरवत नाही, पण ते गळतं. आणि जे गळतात ते पुढे पुढे बोलतच नाहीत. मग वर्गात मोठ्याने बोलणारेच वाढतात. आमचं म्हणणं आहे की म्हणून आपला वर्ग ओरडतो."

"याला पुरावा?" मोठ्या बाईंनी मागून विचारलं. त्या आता पुढे झुकून बसल्या होत्या.

"पाचवीच्या बाई आधी दार उघडं ठेवायच्या, आता लावतात. पण हा पुरावा कच्चा आहे," वकिलाने प्रामाणिकपणे सांगितलं, "कारण सध्या वाराही असतो."

बाईंना टाळ्या वाजवायच्या होत्या. ज्या गोष्टीसाठी त्या इतकी वर्षं उभ्या होत्या ती समोर घडत होती: चार मुलं, दोन बरण्या, एक खोटा ठरलेला अंदाज आणि त्याचं वाईट न वाटणं. आणि त्याच वेळी, ह्याच वर्गात एक मुलगी घरी जाऊन रडली होती, आणि तिला बघून आपण हसून मान डोलवली होती. एकदा नव्हे. कितीदा, ते त्या बरणीत होतं. हळू बोलणारी मुलं आपण निवडून काढली नव्हती. ती फक्त आपल्याला ऐकू आली नव्हती, आणि निवड तरीही झाली होती.

"कारण काय असेल पण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

वकिलाने बरणी उगाचच सरकवली. भोंग्याने बुटाच्या टोकाने फरशी घासली.

"एक अंदाज आहे," मुंगी शेवटी म्हणाली, "पण तो आम्ही तपासला नाही. म्हणून सांगत नाही."

"का नाही तपासला?"

"बरं दिसलं नसतं," मुंगी म्हणाली.

तेव्हा बाईंना कळलं की ताईचं खरं होतं. मुलांना माहीत होतं. भोंगा त्या गटात का शिरला होता तेही आता लक्षात आलं. मुंगीचं वाक्य तो नेहमी मोठ्याने पुन्हा म्हणायचा, ते पळवण्यासाठी नव्हे. ते पोचवण्यासाठी. त्याला वाटायचं, निदान कुणीतरी म्हटलं तर पाहिजे. घरात नवऱ्याने बाजू बदलली होती तसा सबंध वर्ग एका बाजूला कलला होता, आणि त्यांना वाटत होतं मुलं उत्साही आहेत.

"अहो, त्यात एवढं काय?" मोठ्या बाई उठून पुढे आल्या. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. "हा रस्ता! दिवसभर गाड्यांची घरघर. खिडकीकडच्या मुलांचं बोलणं त्यातच बुडतं. साधी गोष्ट आहे. उद्याच काचा बसवून घेऊ. फार सुंदर केलंत रे मुलांनो, त्या पालकांना मी आता काय सांगायचं ते मला कळलं." त्यांनी मुंगीच्या खांद्यावर हात ठेवला. "लिही बाळ, फळ्यावर लिही. कारण: रस्त्याचा आवाज."

मुंगीने खडू घेतला. मोठ्या बाई मनाने फार चांगल्या होत्या. चित्रकलेच्या सरांना वाचनालयाची उबदार, उजेडाची जागा त्यांनीच निवडून दिली होती.

काचा बसतील. बरण्या धुऊन जाग्यावर जातील. वर्ष संपेल आणि मग पुढचं वर्षही आहेच. बाईंनी हे सगळं एका श्वासात पाहिलं, आणि ते किती सोपं आहे हेही.

मुंगी टाचा उंचावून लिहीत होती. तिच्या बारीक अक्षरात फळ्यावर 'कारण' उमटलं, मग दोन टिंबं. मग ती थांबली. खडू फळ्याला टेकलेलाच होता. तिने वळून पाहिलं, मोठ्या बाईंकडे नाही, आपल्या बाईंकडे. तिच्या नजरेत तक्रार नव्हती. न तपासलेली गोष्ट लिहायला सांगितल्यावर जो साधा अवघडलेपणा येतो तेवढाच होता, आणि तो तिला बाईंनीच शिकवला होता.

"थांब, मुंगी. ते नको लिहूस," बाई म्हणाल्या.

त्या हळूच बोलल्या होत्या. ह्या दुखण्यात माणसांना स्वतःचा आवाज आतून मोठा वाटतो, म्हणून ती हळू बोलतात. पण वर्ग असा शांत झाला की मागच्या बाकापर्यंत शब्द पोचला. भोंगासुद्धा श्वास धरून उभा होता.

"काय झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"रस्ता नाही, बाई. गाड्या असल्या तरी मुंगीचं बोलणं भोंग्याला ऐकू यायचंच." चौथीच्या बाईंनी टेबलाची कड सोडली. त्या टेबलाला वळसा घालून पुढे आल्या आणि खिडकीकडच्या रांगेसमोर उभ्या राहिल्या. आज भिंत कुठल्याच बाजूला नव्हती. "तुमचा अंदाज बरोबर आहे. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मी यंत्र लावणार आहे, आजच जाऊन सांगते. आणि मोठ्या बाई, मला वाचनालय नको. हा वर्ग मीच शिकवणार आहे."